दिवा लाल झाला म्हणून डिस्क दोषी ठरत नाही

‘डिस्कनं एरर दिली ना? मग विचार करत बसू नका, बदलून टाका. डिस्क स्वस्त आहे, डेटा महाग आहे.’ घरी सर्व्हर ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळतो. दुकानदार देतो, ऑफिसातला आयटीवाला देतो, चार व्हिडिओ पाहिलेला मित्रही देतो. ऐकायला तो इतका शहाणपणाचा वाटतो की त्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मला तो विचारायचा आहे, कारण चार-सहा डिस्क जोडून केलेल्या घरगुती पूलच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे. तो पैसे वाया घालवतो हे तर झालंच, पण धड असलेला पूल धोक्यात ढकलतो आणि खरा बिघाड जिथल्या तिथे ठेवतो.

हा सल्ला डेटा सेंटरमधून आला आहे आणि तिथे तो बरोबर आहे. तिथे हजारो डिस्क फिरत असतात, त्याच डेटाची प्रत दुसऱ्या मशीनवर, बहुधा दुसऱ्या इमारतीत असते. एका डिस्कचं निदान करण्यात इंजिनिअरचा तास घालवण्यापेक्षा ती काढून नवी सरकवणं परवडतं. शिवाय तिथली वीज सांभाळलेली, खोली थंड, पॉवर सप्लाय दोन-दोन, आणि डिस्क थेट बॅकप्लेनमध्ये बसलेली. बाकी सगळं इतकं चोख असल्यावर संशय डिस्कवर जाणं साहजिकच.

घरी काय असतं? जिन्याखाली नाहीतर टीव्हीच्या कपाटात ठेवलेला जुना कॅबिनेट. मदरबोर्डसोबत आलेल्या, पुन्हा पुन्हा काढून लावलेल्या साटा केबली. एका वायरवरून स्प्लिटर लावून वीज घेणाऱ्या चार डिस्क. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा बारा व्होल्टच्या तारेवरून दोन अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे चारही एकदम सुरू झाल्या की सगळा भार त्या एका स्प्लिटरच्या पिनांवर. वर मे महिन्याचा उकाडा, किनारपट्टीच्या गावात दमट हवा, पावसाळ्यात जाणारी-येणारी लाइट. इथे बिघडण्यासारख्या गोष्टींत डिस्क ही एक आहे, एकमेव नाही. तरी पहिला आणि शेवटचा आरोप तिच्यावरच ठेवला जातो, कारण स्क्रीनवर नाव तिचं येतं.

आणि बदलणं हे काही निरुपद्रवी काम नव्हे. रेड 5 किंवा झेडएफएसचा रेड-झेड 1, म्हणजे एकाच डिस्कचं जाणं सोसणारी रचना असेल, तर एक डिस्क बाहेर काढताक्षणी पूलचं कवच संपतं. मग नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या प्रत्येक डिस्कवरून डेटा वाचावा लागतो. 8 टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी 150 एमबी या वेगानं लिहायची म्हटली तरी पंधरा तास होतात. पूल भरलेला असेल, मधेच घरातलं कुणी त्यावरून सिनेमा पाहत असेल, तर दोन दिवसही लागतात. एवढा वेळ सगळ्या डिस्क एकदम राबत असतात, तापत असतात आणि त्याच स्प्लिटरवरून वीज घेत असतात. मूळ दोष त्या स्प्लिटरमध्ये असेल तर आता दुसरी डिस्क बाहेर फेकली जाण्याची वेळ आपण स्वतः ओढवून घेतली. ‘शंका आली की बदला’ म्हणणारे हा खर्च कधीच मोजत नाहीत. त्यांच्या हिशोबात फक्त डिस्कची किंमत असते.

डिस्क ‘फॉल्टेड’ झाली, पूल ‘डिग्रेडेड’ झाला, म्हणजे नेमकं काय झालं? सॉफ्टवेअरनं काही मागितलं आणि ते वेळेत किंवा शुद्ध स्वरूपात मिळालं नाही, एवढंच. का मिळालं नाही हे त्याला ठाऊक नसतं. प्लॅटरवरचा सेक्टर खराब असेल, केबल सैल असेल, कंट्रोलर कार्ड तापलं असेल, वीज क्षणभर पडली असेल, सॉफ्टवेअरला चारही गोष्टी सारख्याच दिसतात.

यातला एक प्रकार तर असा की डिस्क जवळपास ठणठणीत असूनही हकालपट्टी होते. साध्या डेस्कटॉपसाठी बनवलेल्या डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त. एकटी डिस्क असेल तर हा हट्ट चांगलाच, कारण दुसरीकडे प्रत नसते. पण लिनक्स साधारण 30 सेकंद वाट पाहतो आणि मग लिंक रिसेट करतो. डिस्क अजून त्याच सेक्टरशी झगडत असते, प्रतिसाद देत नाही, आणि पूलमधून बाहेर पडते. नॅससाठीच्या डिस्क 7 सेकंदांत हात वर करतात. मग पॅरिटीवरून, म्हणजे बाकीच्या डिस्कवर ठेवलेल्या जादा हिशोबावरून, तो सेक्टर पुन्हा तयार करून लिहिला जातो आणि पूल जागचा हलत नाही. पुष्कळ डिस्कवर ही मर्यादा स्मार्टसीटीएलच्या एका ओळीनं लावता येते. ज्यांवर लावता येत नाही, तिथे लिनक्सलाच जास्त थांबायला सांगता येतं, 30 ऐवजी 180 सेकंद. दोन्ही गोष्टी फुकट आहेत. डिस्क बदलून मात्र यातलं काही सुटत नाही. नवी डिस्कही तशीच असेल तर ती पहिल्या अडखळत्या सेक्टरला तशीच बाहेर जाईल.

ठाण्याला माझ्या मावसभावाकडे चार डिस्कचा रेड-झेड 1 पूल आहे. आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटी त्यानं स्वतः डिजिटल करून त्यावर ठेवल्यात, मुलीच्या जन्मापासूनचे फोटो आहेत. तिसऱ्या कप्प्यातली डिस्क फॉल्टेड झाली. ज्या दुकानातून सामान घेतलं होतं तिथल्या माणसानं न बघताच सांगितलं, ‘डिस्क गेली.’ नवी आणली, पूल पुन्हा भरला. काही आठवड्यांनी नवी डिस्कही फॉल्टेड. या वेळी उत्तर आलं, ‘लॉटच खराब आला असेल, दुसऱ्या कंपनीची घ्या.’

मी बसून आकडे पाहिले. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदींच्या, तक्त्यात 5 क्रमांकाला बदलून दिलेले सेक्टर दिसतात, 197 ला वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे, 198 ला चाचणीत न वाचता आलेले. या तिन्ही रकान्यांत शून्य होतं. 199 ला मात्र चार आकडी संख्या होती, आणि पूलवरून एक मोठी फाइल कॉपी केली की ती वाढत होती. 199 हा डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या प्रवासात डेटा बिघडल्याचा हिशोब आहे. म्हणजे प्लॅटर, हेड, सेक्टर यांचा इथे संबंधच नव्हता. कॅबिनेटची बाजू उघडली तर तिसऱ्या कप्प्याची केबल पत्र्याखाली काटकोनात दाबली गेली होती, आणि टोकाला धरून ठेवणारी क्लिपही नव्हती. केबल बदलली, ‘झेडपूल क्लिअर’ दिलं, स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून होणारी तपासणी, चालवला. चेकसमच्या रकान्यात शून्य, आणि 199 चा आकडा होता तिथेच थांबला. तो कमी होत नाही, कधीच होत नाही. त्यामुळे आज किती आहे यापेक्षा गेल्या आठवड्यापेक्षा वाढला का, हेच पाहायचं असतं. आधी ‘गेलेली’ म्हणून खणात टाकलेली डिस्क काढून तिची लांब चाचणी घेतली, ती पूर्ण उतरली. आता ती त्याची बॅकअपची डिस्क आहे.

इथे केबलचा दोष कळला तो मला तक्ता वाचता येत होता म्हणून, असं कुणी म्हणेल. तक्ता वाचता येत नसेल तरी चालतं. संशयित डिस्क आणि शेजारची डिस्क यांच्या जागांची, केबलींसकट नव्हे, नुसत्या डिस्कची अदलाबदल करा. सर्व्हर बंद करूनच. एरर डिस्कबरोबर गेली तर दोष डिस्कचा, कप्प्यातच राहिली तर दोष केबलचा, पोर्टचा किंवा विजेचा. झेडएफएस आणि लिनक्सवर रेड चालवणारं एमडीएडीएम दोन्ही डिस्कला तिच्यावरच्या खुणेवरून ओळखतात, जागा बदलली म्हणून पूल बिचकत नाही. दुकानात जाऊन यायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात हे होतं.

समोरच्या बाजूचा भक्कम मुद्दा मी टाळणार नाही. गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बरोसो यांनी 2007 साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिली स्कॅन एरर दिसल्यानंतर 60 दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, तशी एरर नसलेल्या डिस्कच्या तुलनेत 39 पट आढळली. मग एरर दिसताच बदलणं बरोबरच, नाही का? ज्या एररबद्दल तो अभ्यास बोलतो, तिच्याबाबत होय. पृष्ठभागावर न वाचता येणारे सेक्टर सापडले, 5 आणि 197 चे आकडे आठवड्याला वाढत चालले, तर त्या डिस्कचे दिवस भरत आलेत, तिथे घासाघीस नको. पण ‘पूलमधून डिस्क बाहेर पडली’ ही ती एरर नव्हे. दोन्हींना एकच नाव देऊन 39 पटीचा धाक दाखवणं हे अभ्यासाचा आधार घेऊन अभ्यासाच्या विरुद्ध बोलणं आहे.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा हे लोक सांगत नाहीत. गेलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कवर महत्त्वाच्या चार स्मार्ट खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. म्हणजे ‘स्मार्ट पास्ड’ हा शिक्का घेऊन डिस्क दुसऱ्या दिवशी बंद पडू शकते. लाल दिव्याला घाबरून डिस्क फेकणारा आणि हिरव्या अक्षरांवर विसंबून निर्धास्त झोपणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. दोन्ही वेळी त्यानं मशीनचा शेरा वाचलेला असतो, आकडे नाही.

आता डिस्क खरोखरच बदलायची आहे असं धरू. इथेही रूढ पद्धत चुकते: आधी जुनी उपसायची, मग त्या जागी नवी लावायची. जुनी डिस्क मरणपंथाला लागली असली तरी तिचा नव्याण्णव टक्के भाग बहुधा वाचता येत असतो. तो आधार सोडायचा कशासाठी? नवी डिस्क मोकळ्या पोर्टवर लावा, जुनी जागेवरच राहू द्या, आणि मग ‘झेडपूल रिप्लेस’ द्या. एमडीएडीएममध्येही ‘रिप्लेस’चा पर्याय आहे, बीटीआरएफएसमध्येही. नवी भरेपर्यंत जुनी पूलमध्येच राहते, आणि या काळात दुसऱ्या एखाद्या डिस्कवर एखादा सेक्टर वाचता आला नाही तरी तो भरून काढायला आधार शिल्लक असतो. यासाठी कॅबिनेटमध्ये एक जागा आणि एक पोर्ट रिकामा ठेवावा लागतो. चौथी-पाचवी डिस्क कोंबण्याच्या मोहात लोक तोच घालवतात.

घरच्या पूलवर दुसरी दुर्घटना घडते ती चुकीची डिस्क उपसल्यामुळे. स्क्रीनवर एसडीसी लिहिलं आहे म्हणून तिसऱ्या कप्प्यातली ओढली, आणि ती निघाली चांगली. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. अनुक्रमांक बदलत नाही. प्रत्येक डिस्कच्या दिसणाऱ्या कडेवर अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे मार्करनं लिहून चिकटवा, आणि पूल बनवताना ‘बाय-आयडी’ची नावं वापरा. हे इतकं क्षुल्लक वाटतं की कुणी करत नाही.

घाईतल्या आज्ञांबद्दल तर मला कळकळीनं सांगायचं आहे. झेडएफएसमध्ये ‘अटॅच’ किंवा ‘रिप्लेस’च्या जागी ‘अ‍ॅड’ दिलं आणि त्यानं दिलेला इशारा सक्तीनं डावलला, तर नवी डिस्क एकटी, विनाआधार पूलचा भाग बनते. रेड-झेड असलेल्या पूलमधून ती पुन्हा काढता येत नाही, आणि ती गेली की सगळा पूल गेला. एमडीएडीएमचा अ‍ॅरे जुळत नाही म्हणून कुणीतरी सांगितलेला ‘क्रिएट’ द्यायचा, डिस्कचा क्रम चुकवायचा आणि वर नव्यानं सिंक होऊ द्यायचं, यानं वाचवता येण्यासारखा डेटा कायमचा जातो. अशा वेळी आधी काही लिहू नये. पूल फक्त वाचण्यापुरता जोडावा, जे सगळ्यात मोलाचं आहे ते दुसऱ्या डिस्कवर उतरवावं, मग दुरुस्तीला हात घालावा. डिस्क बदलायचा सल्ला देणाऱ्यांच्या तोंडून ‘आधी प्रत घ्या’ हे वाक्य क्वचितच येतं.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. त्यांच्या मते मोठ्या डिस्कवर एका पॅरिटीचा पूल करणं हाच गुन्हा, कारण पुन्हा भरताना एरर येणारच. रॉबिन हॅरिस यांनी 2007 साली झेडडीनेटमध्ये लिहिलेल्या लेखात रेड 5 हे 2009 मध्ये निरुपयोगी होईल असं मांडलं होतं. आधार होता डिस्कच्या माहितीपत्रकातला एक आकडा: 10 च्या 14 व्या घाताइतक्या बिट्समागे एक न वाचता येणारी चूक. एवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. तेव्हापासून हा हिशोब मंत्रासारखा म्हटला जातो.

तो तपासून पाहायला घरचा पूल पुरेसा आहे. 4 टीबीच्या चार डिस्क भरलेल्या असतील तर एका पूर्ण स्क्रबमध्ये 16 टीबी वाचले जातात. तो आकडा सरासरी मानला तर दर महिन्याच्या स्क्रबमध्ये दहापैकी सातदा निदान एक तरी चूक सापडायला हवी. निरोगी डिस्कवर तसं होत नाही. महिनोन् महिने शून्य येतं, कारण माहितीपत्रकातला आकडा ही ‘याहून जास्त नाही’ अशी मर्यादा आहे, प्रत्यक्षातला दर नव्हे. आणि एखादा सेक्टर गेलाच तरी झेडएफएस सगळा पूल बुडवत नाही, कोणती फाइल बिघडली तिचं नाव सांगतो.

मला दुसऱ्या पॅरिटीचं वावडं नाही, सहा-आठ डिस्क असतील तर ती घ्यावीच. पण पूल जातात ते या गणितामुळे नव्हे, वर्षानुवर्षं न वाचलेल्या सेक्टरांमुळे जातात. लिनस टेक टिप्स या यूट्यूबवरच्या मंडळींनी 2022 च्या जानेवारीत स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या प्रचंड झेडएफएस साठ्यातला डेटा गेला, आणि त्यावर ठरावीक काळानं होणारा स्क्रब लावलेलाच नव्हता. चुका साचत गेल्या, डिस्क बदलायची वेळ आली तेव्हा एकदम वर आल्या. हार्डवेअरला पैसे कमी पडले म्हणून ते घडलं नाही. डेबियनवर एमडीएडीएमची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप चालते, झेडएफएसलाही तशीच तारीख लावून देता येते. स्क्रब म्हणजे डिस्क बदलताना होणाऱ्या वाचनाची रंगीत तालीमच. फरक इतकाच की तालमीत अडखळलं तर सावरायला पॅरिटी शाबूत असते.

‘बदलून टाका’वाल्यांनी आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की नवी डिस्क आधीच्यापेक्षा बरीच असणार. 2020 च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलनं मान्य केलं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. त्याच वर्षी सर्व्हदहोमनं घेतलेल्या चाचणीत अशा 4 टीबी डिस्कला झेडएफएसमध्ये पुन्हा भरायला नऊ दिवसांहून जास्त लागले, साध्या सीएमआर डिस्कला एक दिवसही लागला नाही. नऊ दिवस बिनकवचाचा पूल! कंपनीनं पुढे सीएमआर डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. दुकानात मात्र आजही ‘4 टीबी द्या’ एवढंच सांगितलं तर हाताला काय लागेल याचा नेम नाही. मॉडेल क्रमांक बघितल्याशिवाय घेतलेली बदली डिस्क हा दुसरा बिघाड ठरू शकतो.

या घाईच्या मुळाशी एक समजूत आहे: पूल हाच बॅकअप. पूल लाल झाला म्हणजे सगळं चाललं, म्हणून धावाधाव. पूलचं काम एवढंच की एक डिस्क गेली तरी घर थांबू नये. हातून फोल्डर उडालं तर ते सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी उडतं. 2021 च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकर या खंडणीखोर प्रोग्रामनं क्यूनॅपच्या नॅसवरच्या फाइली पासवर्डच्या कुलपात टाकल्या, तेव्हा आतल्या पॅरिटीनं त्या लॉक झालेल्या फाइलीच इमानानं सांभाळल्या. ज्यांच्याकडे कपाटात बंद ठेवलेली एक वेगळी डिस्क होती त्यांचं निभावलं. ज्याच्याकडे अशी प्रत आहे, त्याला डिग्रेडेड हा शब्द वाचून रात्री दुकान शोधत फिरावं लागत नाही. केबल तपासायला, कप्पे बदलून पाहायला, आकडे टिपायला त्याच्याकडे वेळ असतो. म्हणून एका डिस्कचे पैसे हाताशी असतील, तर पूलमध्ये आणखी एक पॅरिटी घालण्याआधी ती बाहेरची प्रत घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

आणि ज्यांना हे सगळं करूनही पूलची भीती वाटते, त्यांनी मर्जरएफएस आणि स्नॅपरेड यांची जोडी पाहावी. त्यात प्रत्येक फाइल अखंड एकाच डिस्कवर असते, डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावली तर नेहमीसारखी उघडते. पॅरिटी ठरावीक वेळी काढली जाते, त्यामुळे आज दुपारी ठेवलेली फाइल रात्रीच्या सिंकपर्यंत उघडी असते, आणि मधल्या काळात फाइली बदलल्या-पुसल्या असतील तर गेलेली डिस्क भरून काढतानाही तेवढी उणीव राहते. डेटाबेससाठी हे चालणार नाही. फोटो, गाणी, कुटुंबाचे व्हिडिओ यांसाठी उत्तम चालतं, आणि पॅरिटी पेलणार नाही इतक्या डिस्क एकदम गेल्या तरी उरलेल्यांवरचं सगळं हातात राहतं.

‘घरच्या माणसाला इतकं कसं जमणार?’ असं शेवटी म्हटलं जातं. मावसभाऊ बँकेत कॅशिअर आहे. त्यानं सर्व्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: डावीकडे चार अनुक्रमांक, पुढे 5, 197, 198, 199 असे रकाने, आणि दर महिन्याच्या स्क्रबनंतर पेन्सिलीनं भरलेले आकडे. मागच्या महिन्यात पहिल्या कप्प्यातल्या डिस्कचा 197 शून्यावरून आठवर गेला, 199 हलला नाही. त्यानं फोन करून मला एवढंच विचारलं, की सीएमआर मॉडेल कोणतं घेऊ.